ढवळ्या डोंगरचे यजमान

आमच्या भाऊजींवर वनखात्याने गुन्हा दाखल केला आहे. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण पंचवटीत या बातमीला इतकं तिखटमीठ लागलं आहे की मूळ पदार्थ ओळखू येत नाही. कुणी म्हणतं त्यांनी मोर मारला, कुणी म्हणतं घरात वाघाचं कातडं सापडलं. परवा तर भाजीबाजारात एकाने मलाच विचारलं, "बिबट्या पाळला होता म्हणे त्यांनी?" ज्या माणसाला घरातली पाल हाकलायला बायको लागते, तो बिबट्या पाळणार! तेव्हा खरी हकीकत सांगणं मलाच भाग आहे. एक तर मी त्यांचा सख्खा मेहुणा, आणि दुसरं म्हणजे दर वेळी गाडी मीच चालवत होतो.

शामसुंदर भाऊजी हे माझ्या थोरल्या बहिणीचे, इंदिराताईचे नवरे. नाशिकचे तीर्थोपाध्याय. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोदावरीवर कुणी धार्मिक कार्याला आलं की भाऊजी आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग आजोबांचं नाव. मग आतल्या खोलीत जाऊन लाल कापडात बांधलेली एक लांबोळकी वही घेऊन येतात. त्या माणसाचे पणजोबा कुठल्या साली आले, बरोबर कोण कोण होतं, सगळं तिच्यात असतं, आणि खाली पणजोबांची सही किंवा अंगठा. मोठमोठे अधिकारी त्या सहीवर बोट फिरवून रडताना मी पाहिले आहेत. अशा घराण्याला हे लोक आपला यजमान म्हणतात. यजमान एकदा ज्याच्या वहीत लागला तो पिढ्यानपिढ्या त्याचाच, आणि यावरून नाशकात पूर्वी कोर्टकचेऱ्यासुद्धा झाल्या आहेत.

वहीचे नियम कडक. ऐकीव गोष्ट लिहायची नाही, माणूस समोर उभा पाहिजे. सही नसेल तर ती नोंदच नव्हे. आणि जीव गेला तरी वही परक्याच्या हातात द्यायची नाही. भाऊजी संध्या एखाद वेळी विसरतील पण हे नियम विसरणार नाहीत, असं ताई म्हणते.

मी स्वतः सातपूरच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला होतो. केसाएवढा फरक दिसला तरी माल परत. माझे आणि भाऊजींचे स्वभाव जुळायचं काही कारण नव्हतं, पण कागदावर नसलेली गोष्ट दोघांनाही मान्य नाही, एवढ्या एका मुद्द्यावर आमचं गेली तीस वर्षं चाललं आहे.

तर बारा वर्षांपूर्वी बागलाणातल्या आंबदरच्या एका डाळिंबवाल्या यजमानाने भाऊजींना वास्तुशांतीला बोलावलं. आंबदर म्हणजे रस्ता जिथे कंटाळून थांबतो ते गाव. पुढे एकदम डोंगरच. मी माझी जुनी ओम्नी काढून त्यांना घेऊन गेलो. सकाळी भाऊजी ओढ्यावर अंघोळीला उतरले आणि समोरच्या कड्याकडे बघत तसेच गुडघाभर पाण्यात उभे राहिले. अख्ख्या कड्यावर वरून चुना ओतल्यासारखे पांढरे ओघळ होते. म्हणूनच त्या डोंगराला ढवळ्या म्हणतात. आणि त्या ओघळांच्या वर, कपारींमध्ये, मोठे मोठे तपकिरी पक्षी मान खांद्यात घालून बसले होते. एकाने पंख उघडले तर ते संपेचनात.

पलीकडे फकिरा नावाचा एक गुराखी शेळ्यांना पाणी पाजत होता. डोंगराच्या पायथ्यालाच त्याचं घर. तो म्हणाला, "दखा महाराज, त्या गिधाडं शेतस."

भाऊजींनी "राम राम राम" म्हणत दोन्ही डोळे घट्ट मिटले. आमच्याकडे घरावर गिधाड बसलं तर शांत करतात, आणि यांनी तर वास्तुशांतीच्या दिवशी अंघोळ करता करता पन्नासभर पाहिली. मग त्यांनी हळूच एक डोळा उघडला. मग दुसरा. एका कपारीत मोठा पक्षी येऊन उतरला, आणि त्याच्या पोटाखालून कापसाच्या बोंडाएवढं डोकं वर आलं. भाऊजी काठावरच्या दगडावर बसले ते दोन तास उठले नाहीत. मुहूर्त टळायला आला तेव्हा यजमानांनी मला पाठवलं आणि मी त्यांना ओल्या पंच्यानिशी जवळजवळ ओढत नेलं.

परतीच्या वाटेवर देवळा गाव मागे पडलं. भाऊजी एकदम म्हणाले, "मनोज, ज्या पक्ष्याचे अंत्यविधी खुद्द रामरायांनी आपल्या जिल्ह्यात केले, त्याच्या वंशजांचे उपाध्ये कोण?"

"कोण?"

"आपण. नाशिकचे तीर्थोपाध्याय. आणि आपल्या दप्तरात या घराण्याची एक नोंद नाही. लाज वाटायला पाहिजे."

मला गाडी बाजूला घ्यावी लागली, इतकं हसू आलं. भाऊजी हसले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी नवी वही शिवून घेतली, लाल कापडासकट.

तेव्हापासून महिन्यातून एकदा आमची वारी सुरू झाली. मी रजा काढायची, पेट्रोल मी भरायचं, आणि ताईच्या शिव्याही मीच खायच्या. "लोक गिधाडाची शांत करतात, हे त्याच्या घरी पाहुणचाराला जातात," ती म्हणायची. परत आलं की दोघांनाही अंगणातच अंघोळ. थंडीच्या दिवसांत मी तिला म्हणायचो, "अगं, मी फक्त ड्रायव्हर आहे." तर म्हणायची, "मग गाडीसुद्धा धू."

पण खरं सांगतो, त्या डोंगराने मलाही धरलं. रविवारी आमच्या त्र्यंबककडच्या गडांवर गेलात तर पायऱ्यांना रांग, वर फोटोला रांग, खाली मॅगीला रांग. ढवळ्यावर किल्ला नाही, देऊळ नाही, तळं नाही, त्यामुळे माणूसही नाही. सागाच्या झाडीतून वाट निघते, मग करवंदीच्या जाळ्या, मग एक मोकळी सोंड, आणि सोंडेच्या टोकावर उभं राहिलं की दरीपलीकडे अख्खा कडा समोर. उत्तरेला डांगातल्या डोंगरांच्या रांगा एकामागे एक, शेवटची कुठली आणि आभाळ कुठलं हे माझ्यासारख्या इन्स्पेक्टरलाही सांगता येत नाही. श्रावण सरला की पठारावर सोनकी फुलते. फाल्गुनात खाली पळस पेटतो. एकदा वाटेवर हातभर लांब घोरपड आडवी पडली होती. भाऊजींनी तिला "जरा सरकता का?" असं विचारलं. एकदा तिन्हीसांजेला तरस आमच्यापासून वीस पावलांवरून गेलं, मागचे पाय आखडलेले, तोंडावर कमालीचा कंटाळा. मी घामाघूम झालो होतो. भाऊजी कुजबुजले, "मूळ गाव विचारायचं राहिलं."

मी कपारींची मापं काढली. दुर्बीण, हाताचा अंगठा आणि शाळेतली भूमिती यांच्या जोरावर तिसऱ्या कपारीपासून चौथीचं अंतर सतरा मीटर भरलं, त्यात अर्धा मीटर इकडेतिकडे. भाऊजींना मापात रस नव्हता. त्यांना कुळ पाहिजे होतं. त्यांच्या वहीतली एक नोंद मला पाठ आहे. "मूळ ठिकाण ढवळ्या, पूर्व कडा, खालून तिसरी कपार. कर्ती ठगूबाई. शके १९३९ मार्गशीर्ष वद्य पंचमीस अंड्यावर बसलेली समक्ष पाहिली. माघ शुद्ध अष्टमीस पिल्लू एक, मानेवर कापूस. वैशाखात उडाले. बरोबर मनोज, गाडीसह."

ठगूबाई हे नाव फकिराने दिलेलं. नावाशिवाय नोंद होत नाही म्हटल्यावर भाऊजींनी त्याला विचारलं, आणि त्या पठ्ठ्याने एकेका कपारीला आपल्या सासुरवाडीचा एकेक माणूस बसवला. थोरला साडू पहिल्या कपारीत, दोन मेहुणे वरच्या अंगाला. ठगूबाईकडे बोट करून तो म्हणाला, "हाई मनी सासू शे. समदास्ना पहिले खास." घरात सगळ्यांच्या आधी खाणारी सासू! आणि वर आम्हाला दम दिला की हे त्याच्या बायकोला, आक्काबाईला, कळता कामा नये. आम्हीही कशाला सांगतोय.

सहीचा प्रश्न मात्र बरेच दिवस सुटला नव्हता. सहीशिवाय भाऊजींना त्या नोंदी कच्च्या वाटायच्या. एका वैशाखात तिसऱ्या कपारीच्या बरोबर खाली, दगडात, त्यांना एक लांब काळपट पीस सापडलं. ठगूबाईचं पिल्लू आदल्याच आठवड्यात उडालं होतं. भाऊजींनी ते दोन्ही हातांनी उचललं. "मनोज, सही झाली!" त्यांचा चेहरा पहिल्या नातवाला पाहिल्यासारखा झाला होता. त्यांनी डिंकाने ते पीस नोंदीखाली चिकटवलं. मग दर वर्षी ज्या कपारीतून पिल्लू उडेल तिच्याखाली आम्ही शोधायचो, आणि पीस मिळालं तरच नोंद पक्की. अकरा वर्षांत अशा एकतीस सह्या जमल्या.

गेल्या वर्षी संक्रांत होऊन आठ दिवस झाले असतील, फकिराचा फोन आला. "महाराज, कडावर काचना सज्जा व्हई म्हंतस. लोके उभा ऱ्हाईसन खाल दखतीन."

आम्ही त्याच दिवशी आंबदर गाठलं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस होती. एक कंपनी ढवळ्यावर पर्यटनस्थळ करणार, कड्याच्या ओठावर लोखंड आणि काचेचा सज्जा बाहेर काढणार, त्यात उभं राहून दरी बघायची, शिवाय चहा-नाश्त्याची सोय. नकाशावर मी पट्टी लावून पाहिलं. सज्जा ठगूबाईच्या डोक्यावर बरोबर बावीस मीटरवर येत होता. नोटिशीला कंपनीचा अहवाल जोडला होता, त्यात एक वाक्य होतं: "सदर कड्यावर दखल घेण्याजोगा वन्यजीव आढळत नाही." हरकत असल्यास पुराव्यासह तीस दिवसांत. त्यातले नऊ उरले होते.

भाऊजींनी ते वाक्य तीनदा वाचलं. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं. वर ड्रिल मशीन सुरू झालं की ते अंडं टाकून जातं, आणि एकदा सोडलेल्या कपारीत परत येईलच असं नाही. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, पण पाचव्या कपारीजवळ दरड कोसळली तेव्हा ते घर असंच उठलं होतं, तशी नोंद होती. "या कपारी गेल्या तर घराणं संपलं, मनोज," भाऊजी म्हणाले. "आणि आढळत नाही काय? दखल माझ्याकडे अकरा वर्षांची आहे!"

खरंच, जगात दुसरा पुरावा नव्हता. माझ्या मोबाइलमधल्या फोटोंत गिधाडं म्हणजे जिऱ्याचे दाणे. फक्त वही. पण ती सगळी तिथी-मासांत. शुद्ध, वद्य, क्षय, वृद्धी. सरकारी माणसाला मार्गशीर्ष वद्य पंचमी कुठून कळणार? मेहुणा परका नव्हे असं म्हणून भाऊजींनी वही माझ्या घरी दिली, मी अकरा वर्षांची पंचांगं घेऊन बसलो आणि एकेका तिथीची तारीख काढली. मध्येच एका अधिक महिन्याने मला असा चकवला की ठगूबाईचं पिल्लू अंड्याच्या आधी जन्मलं. दोन दिवसांनी यादी तयार झाली. तेहतीस वर्षांत इतका बिनचूक कागद मी केला नव्हता.

तेवढ्यात माझी मुलगी सई चहा घेऊन आली. ती वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वही उघडी होती. "बाबा, हे काय चिकटवलंय?"

"सह्या."

तिने कप खाली ठेवला आणि मोबाइल काढला. गिधाड कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. त्याचं गळून पडलेलं पीससुद्धा परवानगीशिवाय जवळ ठेवता येत नाही. "म्हणजे आतोबा वनखात्याकडे काय घेऊन चाललेत माहितीये?" ती म्हणाली. "स्वतःच्या विरुद्ध एकतीस पुरावे. तारीखवार. तुमच्या अक्षरात."

मी वही घेऊन भाऊजींकडे धावलो. म्हटलं, वाफ देऊन पिसं काढू आणि गोदेत सोडू. ते म्हणाले, "सही उपटलेली वही पुरावा म्हणून न्यायची? तुझ्या कारखान्यात शिक्का खरवडलेला माल तू पास केला असतास?" माणसाला नेमकं कुठे मारायचं हे त्यांना बरोबर कळतं. मी म्हटलं, मग वही राहू द्या, माझी यादी देऊ. "यादी कुणीही टाइप करतं. कंपनीनेही केलीच आहे."

पण भाऊजी घाबरले होते. त्यात लपवण्यासारखं काही नाही. वयाची साठी आलेली, आयुष्यात पोलिसचौकीची पायरी चढलेली नाही. आणि गुन्हा नोंदवला गेलेल्या उपाध्यायाकडे कुठला यजमान बापाचं कार्य करायला येणार? शिवाय वही परक्याच्या हातात द्यायची, ती वेगळीच मरणयातना. दोन दिवस ते आतल्या खोलीत दप्तरासमोर बसून राहिले. जेवायला बोलावलं तरी येईनात. नवाचे चार दिवस उरले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताईने खोलीचं दार उघडलं. "अकरा वर्षं त्यांच्या दारात जाऊन बसलात, माझ्या अंगणात बादल्या ओतल्यात, तेव्हा ते यजमान होते. आता त्यांच्यावर वेळ आली तर दार लावून बसता? माझ्या बापाने असल्या माणसाला मुलगी दिली नव्हती."

भाऊजी उठले, धोतर बदललं आणि वही काखेत मारली. मी गाडीची किल्ली घेतली.

तालुक्याच्या गावी वनखात्याच्या कचेरीत शुभांगी मॅडम म्हणून अधिकारी होत्या. तरुण, उन्हाने रापलेल्या, चेहऱ्यावर हसण्याची रेघ नाही. त्यांनी अर्धा तास वही पान पान वाचली. एका पानावर थांबल्या.

"हे पीस कुठून आणलंत?"

"कड्याखालून. ती त्यांची सही आहे."

"परवानगी होती?"

"त्यांची होती," भाऊजी म्हणाले. "तुमची नव्हती."

मॅडमनी बेल वाजवून वनरक्षकाला बोलावलं. "वही जप्त करायची. वन्यजीवाचे अवयव बाळगले म्हणून गुन्हा नोंदवून घ्या."

मी ताडकन उभा राहिलो. म्हटलं, आम्ही हरकत द्यायला आलोय आणि तुम्ही आमच्यावरच उलटता? चोर सोडून संन्याशाला फाशी? आवाज बहुधा बाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत गेला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, बसा. आरोपी बसलेत, तुम्ही का उभे?"

भाऊजींनी वही पुढे केली, पण बोटं सुटेनात. वनरक्षकाने हलकेच ओढली, तरी सुटेनात. मग त्यांनी डोळे मिटले, आणि सुटली. "मोजून घ्या," ते म्हणाले. "पानं एकशे बारा. सह्या एकतीस." आमच्या यादीला हरकत म्हणून पोच मिळाली, वहीला जप्तीची पावती मिळाली. आणि निघता निघता मॅडम म्हणाल्या, "गुन्हा घडलेल्या जागेचा पंचनामा करावा लागतो. उद्या सकाळी सातला आरोपीने जागा दाखवायची."

त्या संध्याकाळी आंबदरला डाळिंबवाल्यांच्या ओसरीवर मी सरकार, कायदा आणि शुभांगी मॅडम यांचा यथेच्छ उद्धार केला.

सकाळी सातला मॅडम, दोन वनरक्षक, हातभर लांब भिंगाचा कॅमेरा, आणि पंच म्हणून फकिरा व आक्काबाई. आरोपी सगळ्यांच्या पुढे. काठीने करवंदीचे काटे बाजूला करत ते मागे सांगत होते, "इथे दगड सैल आहे, जपून." मी शेवटी, गुडघे धरून. सोंडेवर पोचलो तेव्हा ऊन नुकतं कड्यावर चढत होतं. पहिली कपार, थोरला साडू हजर. वरच्या अंगाला दोन. आणि तिसऱ्या कपारीत ठगूबाई, पाठ आमच्याकडे. दहा मिनिटं ती हललीच नाही. मग तिने एक पाय उचलून जागा बदलली, आणि उन्हात ते पांढरं डोकं वर आलं, डुगडुगणारं.

"आहे!" मॅडम ओरडल्या. अधिकारीपणा कुठल्या कुठे गेला. त्यांनी कॅमेरा वनरक्षकाच्या हातातून हिसकावून घेतला.

मग लिहिणं सुरू झालं. मॅडम वही हातात धरून ताडून पाहत होत्या आणि वनरक्षक मोठ्याने म्हणत लिहीत होता. "कपार क्रमांक तीन. मादी एक, आरोपीच्या नोंदीनुसार नाव ठगूबाई—"

आक्काबाईने मान वळवली. फकिरा शेळ्या नसतानाही शेळ्या बघायला निघाला.

"मनी मायनं नाव गिधाडले ठेवं तुम्ही?" आक्काबाई म्हणाली. "घर चला. मंग दखस."

वनरक्षकाने विचारलं, नाव खोडू का? भाऊजी आणि मी एकदम म्हणालो, "नाही!" नाव राहिलं. सरकारी पंचनाम्यात आजही ठगूबाई आहे, खाली तिच्या लेकीचा अंगठा आहे, आणि फकिरा त्यानंतर चार दिवस आमच्या डाळिंबवाल्यांकडे जेवायला होता.

कागद पुरा झाल्यावर मॅडम भाऊजींच्या शेजारी दगडावर बसल्या. "महाराज, तुमची वही मी नुसती ठेवून घेतली असती, तर 'एका नागरिकाची खासगी निरीक्षणं' म्हणून फाइलला लागली असती. त्यावर कंपनीने सांगितलं असतं, आमच्या माणसांना काही दिसलं नाही. गुन्हा नोंदवला की घटनास्थळ येतं. घटनास्थळ आलं की मला चढावं लागतं. आणि मी जे पाहिलं ते सरकारने पाहिलं. आता कुणाला म्हणता येणार नाही की इथे काही आढळत नाही." मग वही मिटत म्हणाल्या, "पण गुन्हा तुम्ही केलाय, ते खरंच आहे. वही परत मिळेल असं मी सांगू शकत नाही."

भाऊजींनी हात जोडले. "असा आरोपी केलंत, उपकार झाले," एवढंच म्हणाले.

चैत्रात कंपनीचा प्रस्ताव नामंजूर झाला. कड्यापासून ठरावीक अंतरात काही बांधायचं नाही, असा आदेश निघाला. भाऊजींची केस चालू आहे. तारीख असली की ते आदल्या दिवशीच निघतात, कारण तालुक्याला जायची वाट त्यांच्या मते आंबदरवरून जाते. नकाशात तसं नाही. यजमान तुटतील ही भीती खोटी ठरली. उलट हल्ली पिंडदानाला आलेले लोक विचारतात, "गिधाडवाले गुरुजी तुम्हीच का?" ताईने अंगणातली बादली मात्र अजून हलवलेली नाही.

यंदाच्या माघात आम्ही पुन्हा सोंडेवर गेलो. ठगूबाई होती, पिल्लू होतं. मी मोठ्या हौसेने पिशवीतून नवी कोरी वही काढली. लाल कापडसुद्धा मीच आणलं होतं. भाऊजींनी ती हातात घेतली, पानं चाळली आणि मला परत दिली.

"एका घराण्याच्या दोन वह्या नसतात. ती जिथे आहे तिथे आहे. आता हे सरकारचे यजमान."

"आणि आपण?"

"आपण काही नाही. बघायला आलेले दोन म्हातारे." ते कड्याकडे वळले. "मनोज, आमच्या घराण्याने दोनशे वर्षांत एक यजमान कुणाला दिला नाही. माझ्या आजोबांनी एका कुटुंबासाठी चुलतभावाचं तोंड पाहिलं नाही. आणि मी एका दिवसात सगळे देऊन आलो." त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसतही नव्हते. "पण घरी आहेत रे सगळे. बघ ना. आपापल्या घरी आहेत."

त्या वेळी या माणसाचा मेहुणा असल्याचा मला फार अभिमान वाटला. तिथे ते बोलायला जमलं नाही, मी नेहमीप्रमाणे गुडघ्यांची तक्रार केली. म्हणून इथे लिहून ठेवतो.